शिवी छापावी की गाळावी, एवढाच प्रश्न आहे का?

दिवाळी अंकांतून, कथास्पर्धांतून आणि गोव्यातल्या साहित्यमेळाव्यांच्या कथाकथन-सत्रांतून अलीकडे एक विषय वारंवार पुढे येतो आहे: समाजमाध्यमांवर बाईला होणारी शिवीगाळ आणि त्यामुळे तिच्या मनाचे होणारे हाल. लिहिणाऱ्या बहुतेक स्त्रिया आहेत, काहींचे हे पहिलेच लेखन आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच कथा कच्च्या असल्या तरी खोट्या नाहीत. परंतु कथा वाचून झाली आणि चर्चा सुरू झाली की ती पाहता पाहता एकाच मुद्द्यावर येऊन अडकते. त्या शिव्या कथेत जशाच्या तशा घालाव्यात की घालू नयेत? एक पक्ष म्हणतो, ज्या भाषेत हल्ला झाला ती भाषा छापली नाही तर लेखिकेने कच खाल्ली. दुसरा पक्ष म्हणतो, सरस्वतीच्या दरबारात असली घाण कशाला आणायची? आवाज चढतात, अध्यक्ष समारोपात दोन्ही बाजूंना थोडेथोडे बरोबर ठरवतात आणि चहा येतो.

हा वाद भलत्याच जागी रंगला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही पक्ष शिव्यांचीच मोजदाद करत बसले आहेत. एकाला त्या कमी वाटतात, दुसऱ्याला जास्त. कथेचा प्रदेश मात्र शिवी वाचून झाल्यावर सुरू होतो. त्या रात्री ती बाई झोपली का, दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर उभी असताना कोणाकडे पाहिले आणि कोणाकडे पाहायचे टाळले, महिनाभराने कोणते काम कोणालाही न सांगता सोडून दिले, हे बातमीत येत नाही, फिर्यादीत येत नाही, बहुधा घरच्यांनाही कळत नाही. ते जर कथेत आले नाही तर शिव्या छापल्या काय आणि गाळल्या काय, सारखेच.

आधी शिव्या छापण्याच्या बाजूने असलेल्यांचे म्हणणे ऐकू, कारण त्यांचा मुद्दा वाटतो त्याहून भक्कम आहे. ‘तिच्या फोटोखाली घाणेरड्या कॉमेंट्स आल्या’ असे एक वाक्य लिहून लेखिका पुढे गेली, तर ज्या वाचकाला असा अनुभव कधी आला नाही, म्हणजे बहुतांश पुरुष वाचकाला, तो प्रकार किरकोळ वाटतो. त्याच्या मनात चावटपणा येतो, टवाळी येते. बलात्काराची धमकी येत नाही, मुलीच्या शाळेचे नाव घालून लिहिलेला मजकूर येत नाही. सभ्य शब्दांचा पडदा अशा वेळी शिव्या देणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. शिवाय बाईने सांगितले तेवढे आपल्याकडे कधी पुरेसे मानले जात नाही. ‘दाखव बघू काय लिहिलंय’ हा पहिला प्रश्न असतो. सायबर पोलिसांकडे गेले तरी स्क्रीनशॉट लागतो, तारीख लागते, दुवा लागतो. पाठलागाच्या गुन्ह्यात २०१३ साली स्त्रीच्या इंटरनेट-वापरावर पाळत ठेवण्याचाही समावेश झाला, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये तो आला आहे. पण कलम कोणतेही असो, ते सुरू होते पुराव्यापासून. मग कथा लिहायला बसलेली बाई सवयीने पुरावा जोडते, यात नवल ते काय?

पण कथेला पुरावा लागत नाही, आणि हीच तर कथेची सोय आहे. पहिल्या परिच्छेदात वाचकाने पात्रावर विश्वास टाकलेला असतो, त्याशिवाय तो दुसऱ्या परिच्छेदावर जातच नाही. त्याच्यापुढे स्क्रीनशॉटांची चळत मांडली की तो पुन्हा पंचनामा वाचू लागतो. त्यातून छापील शिवी ही मुळातली शिवी राहतेच असे नाही. गोव्यात ही शिवीगाळ येते ती बहुधा रोमी अक्षरांत, अर्धी कोंकणी, अर्धी मराठी, मध्येच एखादा हिंदी चित्रपटी शब्द, स्वर खाल्लेले, उद्गारचिन्हांची रांग आणि शेवटी हसणारा पिवळा चेहरा. तीच दिवाळी अंकात येते तेव्हा देवनागरीत येते, मुद्रितशोधकाने ऱ्हस्वदीर्घ तपासलेले असतात, अनुस्वार जागच्या जागी असतात. इतकी शुद्ध शिवी कोणी कोणाला दिली आहे? आणि आपल्याकडची आणखी एक गंमत, गंमत म्हणवत नाही पण तरीही: इथली बाई मराठीत पोथी वाचते, मराठीत अभंग म्हणते, घरी कोंकणीत बोलते आणि शाळेतला अर्ज इंग्रजीत लिहिते. कोणत्या भाषेतला घाव तिच्या कोणत्या ठिकाणी बसतो, हा प्रश्न गोव्यातल्या मराठी कथेला केवढा मोठा खजिना आहे! जशीच्या तशी छापण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी त्याला हातही लावलेला दिसत नाही.

या वादाला परंपरा नाही असे कोणी समजू नये. आठव्या शतकातल्या भवभूतीने ‘उत्तररामचरित’ नाटकाच्या प्रस्तावनेतच सूत्रधाराच्या तोंडी म्हटले आहे: ‘यथा स्त्रीणां तथा वाचां साधुत्वे दुर्जनो जनः’. स्त्रीच्या आणि वाणीच्या निर्मळपणाविषयी लोक दुष्टच असतात. त्यावर नट म्हणतो, नुसते दुष्ट नव्हे, अतिदुष्ट म्हणा. पुढे पहिल्या अंकात दुर्मुख नावाचा हेर येतो आणि सीतेविषयी नगरात चाललेली कुजबूज रामाच्या कानात सांगतो. प्रेक्षकाला ते शब्द ऐकू येत नाहीत. भवभूतीने शिवी गाळली, आणि नाटक त्यामुळे तसूभरही सौम्य झाले नाही. शिव्या गाळा म्हणणाऱ्यांना हा दाखला फार आवडेल. पण त्या प्रसंगात सीता कुठे आहे? ती रामाच्या बाहूवर डोके ठेवून झोपली आहे. बदनामी तिची, आणि ती ऐकून मूर्च्छित होतो तो राम. पुढे तिसऱ्या अंकात सीतेचे दुःख येते, अप्रतिम येते, पण ते विरहाचे दुःख आहे. लोक आपल्याविषयी काय बोलले हे ऐकल्यावर तिच्या आत काय झाले, त्याला नाटकात जागा मिळालेली नाही. आपल्या परंपरेत बाईच्या बदनामीची कळ पुष्कळदा अशी तिच्या नवऱ्याच्या, बापाच्या, घराण्याच्या छातीत उठलेली दिसते. आजच्या कथेला काही नवे करायचे असेल तर ते हे की, झोपलेल्या सीतेला जागे करून तिच्या हातात फोन द्यायचा आणि मग तिच्याच बाजूने पाहायचे.

असे पाहणारी एक कथा अलीकडे माझ्या वाचनात आली. अजून छापलेली नाही, म्हणून लेखिकेचे नाव घेत नाही. फोंडा तालुक्यातल्या एका महिला भजनी मंडळातली मुख्य गायिका आहे. पन्नाशीची, दोन मुलांची आई. स्पर्धेतल्या तिच्या गाण्याची चित्रफीत कोणीतरी फिरवली आणि तारसप्तकात जाताना तिचा चेहरा कसा होतो यावर खाली नको ते लिहिले गेले. ते काय, हे कथेत एकदाही येत नाही. येते ते एवढेच, की पुढच्या तालमीला ती पेटीवाल्या काकांना सांगते, काळी चार नको, आज खाली घ्या. काका विचारतात, घसा बसला का? ती हो म्हणते. पुढच्या आठवड्यात आणखी एक स्वर खाली. मग ती गजरात आवाज मोकळा सोडेनाशी होते, मग पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत सरकते, आणि मंडळातल्या बायका आपापसांत म्हणतात की हिचा आवाज गेला. कथेत रडणे नाही, डॉक्टर नाही, भाषण नाही. जी बाई ‘भावनिक परिणाम’ हा शब्दही वापरणार नाही, तिच्यावरचा परिणाम पेटीच्या पट्ट्यांवर मोजलेला आहे. आणि ही कथा वाचून झाल्यावर एका जाणत्या माणसाने विचारलेला प्रश्न होता, ‘पण त्यांनी नेमकं लिहिलं काय होतं, ते कळायला नको?’

आता दुसऱ्या पक्षाकडे. अशा कथांनी शिवीला आणखी एक व्यासपीठ मिळते, ही त्यांची भीती पोकळ नाही. फोनवर शंभर जणांनी वाचलेली ओळ छापली की हजार जण वाचतात, आणि त्यांत ती चवीने वाचणारेही असतात. त्याहून मोठा धोका म्हणजे ओळ तोडून फिरवण्याचा. २०१८ साली एस. हरीश यांची ‘मीशा’ ही मल्याळम कादंबरी साप्ताहिकात क्रमशः येत असताना दोन पात्रांच्या संभाषणातला एक तुकडा उचलून पसरवला गेला. पात्राचे बोलणे लेखकाच्या नावावर चढले आणि धमक्या त्याच्या घरातल्या बायकामुलांपर्यंत पोहोचल्या. त्याने कादंबरीचे क्रमशः प्रकाशन थांबवले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बंदीची मागणी फेटाळली आणि कादंबरी पुस्तकरूपाने आली, हे खरे. पण लिहिले एका पुरुषाने आणि त्याची किंमत वसूल झाली त्याच्या घरातल्या स्त्रियांकडून, हे विसरता येणार नाही. आपल्या गोव्यातही २०१७ मध्ये विष्णू सूर्या वाघ यांच्या ‘सुदिरसूक्त’ या कोंकणी काव्यसंग्रहातल्या स्त्रीदेहाच्या उल्लेखांवरून अश्लीलतेची तक्रार झाली आणि कवी व प्रकाशिका दोघांवर गुन्हा नोंदवला गेला. तेव्हा शब्द जपून वापरा असे कोणी सांगत असेल तर त्याला भित्रा म्हणून मोकळे होता येत नाही.

तरीही त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. एक तर आक्षेपार्ह शब्दाला कुंपण घालण्याची हत्यारे ज्यांच्या रक्षणासाठी घडवली जातात त्यांच्यावरच चालतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ आठवा. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि ते आवडल्याची खूण केल्याबद्दल अटक झाली, ती याच कलमाचा आधार घेऊन; २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. दुसरे असे की, गप्प बसण्याचा इतिहास आपल्याला चांगला माहीत आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त बायकांवर जी झोड उठली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. त्या निबंधाची टवाळी झाली, जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचे त्यानंतर एकही पुस्तक आले नाही. तो निबंधही विस्मरणात गेला आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा उजेडात आणला. टीकाकारांचे शब्द शोधले तर जुन्या छापील पानांत सापडतील. १८८२ नंतर ताराबाई टाक हातात घेऊन कधी बसल्या असतील का, बसल्या असतील तर का थांबल्या, हे कुठल्याच पानावर नाही. त्या कोऱ्या पानांवर काय घडले असेल हे सांगण्याचे काम कथेचे, आणि घाण नको म्हणून तो विषयच बाजूला ठेवला तर आजच्या ताराबाईंचीही पाने तशीच राहतील.

‘एवढा त्रास होतो तर फोन बंद करावा’ हा तिसरा सूर दोन्ही पक्षांत ऐकू येतो आणि बहुधा चहाच्या वेळी, हळूच. फोन बंद करून गोव्यातली कोणती बाई राहू शकते? मुलाच्या शाळेची सूचना, स्वयंसाहाय्य गटाचा हप्ता, देवळातल्या जत्रेची पावणी म्हणजे लिलाव, वाड्यावर पाणी येणार की नाही, सगळे त्याच ग्रुपांवर येते ज्यांवर तिची चित्रफीतही येते. आपल्या जुन्या समाजाने अचकटविचकट बोलण्यालाही काळवेळ ठरवून दिली होती. शिमग्याला बोंब मारायची आणि पुढे वर्षभर जिभेला आवर घालायचा. ‘शिमगा गेला आणि कवित्व उरले’ असे आपण म्हणतो ते अपवादाविषयी. आता कवित्वच तेवढे उरते, ते कुठल्या तरी यंत्रात जपून ठेवलेले असते आणि कोणीही कधीही ते उकरून वर आणू शकतो. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना सहा वर्षांपूर्वीची चित्रफीत पुन्हा येईल की काय, ही धास्ती हळवेपणाची नव्हे, साध्या व्यवहारज्ञानाची आहे.

शिवाय इंटरनेटच्या कितीतरी आधी, १९७४ साली, हाइनरिश ब्योल या जर्मन लेखकाने कॅथरीना ब्लूम नावाच्या बाईची गोष्ट लिहिली. घरकाम करून, काटकसरीने स्वतःचे छोटे, लखलखीत घर उभे केलेली ही बाई; एक सनसनाटी वर्तमानपत्र तिची बदनामी करते आणि तिला निनावी, अश्लील पत्रे येऊ लागतात. ती वाचून झाल्यावर ती घरातल्या बाटल्या आपल्याच स्वच्छ भिंतींवर फेकून मारते. फोन उचलू नकोस, पत्रे उघडू नकोस, असे तिला सांगून काय उपयोग झाला असता? घाण तिच्या घरात शिरली होती, आणि ज्या घराचा तिला अभिमान होता त्याच घरावर तिचा हात उठला. ब्योलने पत्रांपेक्षा त्या भिंतींकडे लक्ष दिले. पुढे ती त्या बातमीदाराला गोळी घालते, तेही आपल्याला पटते, ते या भिंती पाहिल्यामुळे.

या कथा शहरी, शिकलेल्या, समाजमाध्यमांवर मते मांडणाऱ्या बायकांच्याच असतात, हा आक्षेप मला निम्मा पटतो. पत्रकार, प्राध्यापिका, कवयित्री यांच्यापलीकडे आपल्या नायिका फारशा जात नाहीत. २०१९ च्या निवडणुकीच्या काळात भारतातल्या ९५ स्त्री-राजकारण्यांचा उल्लेख असलेली ट्वीटे अ‍ॅम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने तपासली तेव्हा साधारण दर सातांत एक त्रासदायक किंवा शिवराळ निघाले. आणि मुस्लिम स्त्रियांना धर्मावरून, वंचित जातींतल्या स्त्रियांना जातीवरून जास्त हिणवले गेल्याचे दिसले. जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ नावाच्या अ‍ॅपवर मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे लिलावाला मांडली गेली, तिथे तर नेम धर्मावरच होता. मराठी कथेत या स्त्रिया कुठे आहेत? ग्रामसभेत डोंगरकापणीविरुद्ध उभी राहून बोललेली आणि संध्याकाळपर्यंत ज्या-त्या फोनवर पोहोचलेली गावडा समाजातली बाई कुठे आहे? तिच्याबाबतीत तर टोपणनावाचाही पडदा नसतो. लिहिणारा कोण, हे वाड्याला माहीत असते, तिलाही माहीत असते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच दुकानातून तिला नारळ घ्यायचे असतात. महानगरातल्या कथांचा साचा उचलून आणणाऱ्या आपल्या लेखकांना ही गोष्ट दिसत नाही, याचा मला राग येतो. पण उरलेला निम्मा आक्षेप टिकत नाही, कारण चुकीच्या बायकांविषयी लिहिले जाते यावरचा उपाय आणखी बायकांविषयी लिहिणे हा आहे.

टोपणनावे बंदच करा, असेही एक मत वरचेवर मांडले जाते, त्यावर दोन शब्द. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आले तेव्हा मराठी समाजात केवढे वादळ उठले आणि ही विभावरी शिरूरकर कोण याचा किती खोदून शोध घेतला गेला! त्या नावाआड बाळूताई खरे होत्या, पुढच्या मालती बेडेकर. टोपणनाव नसते तर ते पुस्तक त्या वेळी तसे येणे कठीण होते. ज्या आडोशाला उभे राहून आज कोणी शिव्या घालतो, त्याच आडोशाने एकेकाळी बाईला लिहिते केले, आणि आजही करतो.

राहता राहिला शेवटांचा प्रश्न. कथास्पर्धांतून ‘सकारात्मक शेवट’ मागण्याची एक खोड लागली आहे, आणि त्यामुळे नायिका अखेरच्या पानावर उठते, थेट प्रक्षेपण सुरू करते, सगळ्यांना खडसावते आणि पाठिंब्याचा पाऊस पडतो. असे कधी घडत नाही असे नाही. परंतु हा शेवट वाचकाची सुटका करतो. त्याला वाटते, चला, मिटले. पेटीची पट्टी खाली उतरवणारी बाई त्या पावसात भिजत नाही.

आणि शिव्या घालणारा? तो या कथांतून जवळजवळ नसतोच. असला तर अंधाऱ्या खोलीत बसलेला, दाढी वाढलेला, विकृत माणूस म्हणून असतो. प्रत्यक्षात तो सकाळी सुप्रभातचा संदेश पाठवतो, चवथीला आपल्या घरच्या माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या आराशीचा, फोटो टाकतो, बहिणीच्या मुलीला शिकवणीला सोडतो. त्याच्या घरातल्या बाईला त्याचा फोन कधी तरी हातात मिळतो, तेव्हा काय होते? त्याच्या ग्रुपवरच्या चाळीस पुरुषांपैकी जे हसले नाहीत आणि बोललेही नाहीत, त्यांनी तो संदेश वाचल्यावर काय केले? ही सामग्री लेखिकांकडे नाही, कारण त्या अशा ग्रुपवर नसतात. ती आपल्या कथाकार पुरुषांकडे आहे. बायकांच्या कथेत शिव्या किती असाव्यात यावर तासन्‌तास बोलणाऱ्या या मंडळींपैकी कोणी अशी कथा लिहिल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.